कासव पडायच्या आधी

दातांच्या दवाखान्यात निवृत्त गुरुजी सुजलेला गाल धरून बसले होते. शेजारी एक क्रेनचालक आणि त्याचा मेहुणा.

“दाजी, लेक तुमच्याशी बोलत का नाही?”

“ती झोपल्यावर मी कासवाच्या कार्टूनचा शेवटचा भाग एकट्यानेच बघितला.”

“अरेरे! दोघांनी मिळून बघायचा होता ना?”

“हो रे. सकाळी तिच्याबरोबर पुन्हा बसलो, अगदी साळसूद चेहऱ्याने.”

“मग पकडले कसे गेलात?”

“कासव टोपलीत पडायच्या आधीच हसलो.”

“शाबास! एवढी मोठी क्रेन आवरता, आणि हसू आवरेना?”

“तू असतास तर शेवटाच्या आधीच रडला असतास.”

“म्हणजे शेवटी रडू येतं? दाजी, गप्प बसा! मी अजून बघितला नाही!”

आतून दार उघडलं. आईबरोबर दात दाखवायला गेलेली लेक बाहेर आली आणि बापाकडे न बघता मामाला चिकटून बसली.

“मामा, संध्याकाळी तुझ्याबरोबर बघते.”

“आणि मी?” क्रेनचालकाने हळूच विचारलं.

तिने डोळे बारीक करून बापाकडे बघितलं.

“तूही ये, बाबा. पण मी हसल्यावरच हसायचं.”

“कबूल!”

गुरुजींना तेवढाही धीर धरवला नाही. ते खुदकन हसले आणि गाल धरून कळवळले.