जावईबापूंचं पेन

रविवार कारंजाजवळच्या छापखान्यात मंजुषा पेनांसाठी कागदी खोकी न्यायला आली होती. शेजारच्या बाकावर होणारे सासरे-जावई लग्नपत्रिका तपासत बसले होते. जावयानं खिशातून पेन काढलं आणि मंजुषानं ते लगेच ओळखलं. गेल्याच महिन्यात तिनं ते स्वतःच्या लेथवर घडवून प्रदर्शनात विकलं होतं.

"हर्षलराव, पेन झकास आहे. लाकडाचं का?"

"आफ्रिकेचं झेब्रावुड, मामा. हे पट्टे रंगवलेले नाहीत, लाकडातलेच आहेत. मीच बनवलं, तुमच्यासाठी."

"तुम्ही? लेथवर?"

"हो. छंदच आहे मला."

"अरे वा. मी सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं टर्नर होतो, लेथच चालवायचो."

"असं का? पूजा कधी बोलली नाही."

"भोक पाडताना लाकूड तडकलं नाही?"

"नाही. मी हळूच पाडलं."

"किती स्पीड ठेवला होता?"

"मध्यम."

"मध्यम. बरं. आणि पॉलिश?"

"पॉलिश भरपूर केलं."

"दिसतंय की. घरी माझा छोटा लेथ पडून आहे. रविवारी जेवायला या, अन् माझ्यासमोर असंच एक काढून दाखवा."

"येत्या रविवारी?"

"येत्याच. लाकूड मी आणून ठेवतो."

सासरे पत्रिकेतल्या चुका सांगायला आत गेले. हर्षल पेनाकडे बघत बसला. मंजुषा थोडी सरकून बसली.

"हे पेन माझ्याच लेथवरचं आहे. शनिवारी सकाळी मी शिकवते. एक जागा आहे."

हर्षलनं आधी आतल्या दाराकडे पाहिलं.

"एका दिवसात जमेल?"

"एरवी जमतं. पण बघणारे ते असतील, तर तुम्ही शुक्रवारपासूनच या."