पांढरी वळी

पुसून द्या? नुसतं लाकूड पुसून? हिरोशिमाहून फुकुयामापर्यंत एवढा सहा फुटी कोतो, तारांचं एवढं लांब वाद्य, गाडीत घालून आणलास, तो फडकं मारायला? घरी फडकी नाहीत तुझ्या? नाही, उठू नकोस शिओरी, बस. आणि ती मिठाई तिकडे सरकव, मला गोड बंद आहे — बंद कसलं, खातो मी चोरून, पण तुझ्या हातचं आज नाही खायचं.

बघू. ही सातवी तार छेडतो — ऐकलंस? टणक. तेराच्या तेरा तारा टणक. मी बांधल्या मार्चमध्ये, आता जून लागला, तीन महिने रोज वाजवलेल्या तारा काल बांधल्यासारख्या बोलत नाहीत पोरी. आणि ही गाठ बघ. तार घसरू नये म्हणून गाठीत कागदाची वळी घालतो आम्ही — माझ्या वळ्या पिवळ्या असतात, बायकोने अक्षरं गिरवलेले जुने कागद फाडून करतो, ती गेली तरी दोन पेट्या उरल्यात. ही पांढरी शुभ्र. कुणाची? क्योतोतल्या त्या दुसऱ्या तारवाल्याची? मान खाली घालू नकोस. तारा त्याच्याकडून बांधून घ्यायच्या, आणि म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून पुसायला माझ्याकडे आणायचं. तेवढ्याच लायकीचा राहिलो का मी?

तुला वाटत असेल, कोतोच्या जोडीला ढोल घेतलास म्हणून हा चिडलाय. छे. चिडल्यात त्या तुला कोतो शिकवणाऱ्या तोमिनागा बाई — गेल्या आठवड्यात इथे, याच गादीवर बसून तासभर बोलत होत्या, आफ्रिकेचा ढोल काय, अर्जेंटिनाची पेटी काय, वाद्याचा चिवडा केला म्हणे पोरीने. मी त्यांना गप्प केलं. मला आवडतं ते. तो तुझ्या साथीचा मामदू ढोलावर हात ठेवून थांबतो ना, तुझा सूर विरेपर्यंत — आपल्यातल्या किती जणांना जमतं ते थांबणं?

कुठे ऐकलं म्हणजे? आलो होतो एप्रिलमध्ये तुझ्या कार्यक्रमाला. शेवटच्या रांगेत, तोंडावर मास्क लावून. तुझ्या सातव्या तारेला उचलून धरणारी घोडी पडली तेव्हा तिथेच होतो. उचललीस, लावलीस, पुन्हा पडली, मग ती तार सोडून उरलेल्या बारा तारांवर वाजवत राहिलीस, आणि जिथे जिथे तो सूर यायचा तिथे मामदू ढोलावर एक हलकी थाप टाकायचा. लोकांना वाटलं, बसवलंयच तसं. आणि पेपरात काय सांगितलंस? घोडी मीच नीट लावली नव्हती, चूक माझी. कुणी सांगितलं होतं तुला माझी चूक स्वतःच्या अंगावर घ्यायला? घोडी नीट नसेल तर सरकते, तार ढिली पडत नाही. गाठ सुटली होती, म्हणून तार ढिली पडली आणि घोडी कोसळली. सातवी ओढताना अंगठा निसटला माझा, हिवाळ्यापासून जोर नाही त्यात — तेव्हाच कळलं होतं मला. पुन्हा बांधायला हवी होती. तू समोर बसली होतीस, लाज वाटली, तशीच दिली.

आणि बाईंना गप्प केलं म्हणालो ना मघाशी, तेही खोटं. जिला घोडी लावता येत नाही तिने माझ्या घराण्याचं नाव लावू नये, रविवारी तिच्या नावाची पाटी वर्गाच्या भिंतीवरून काढते, असं त्या म्हणाल्या, आणि मी चहा ओतत राहिलो. बावीस वर्षं शिकल्यावर बाईंकडून मिळालेलं घराण्याचं नाव तुझं. माझ्या एका अंगठ्यापायी जातंय, आणि तू गोड घेऊन येतेस माझ्याकडे.

रुमालात काय आहे ते? दाखव.

माझीच वळी. पिवळी. म्हणजे सुटलेली गाठ जपून ठेवलीस, आणि बाईंना दाखवली नाहीस.

दे इकडे. दे म्हणतो ना. बाईंचा वर्ग पाचला सुटतो, पोरी सगळ्या बसलेल्या असतील, त्यांच्यासमोरच ठेवतो. तू यायचं नाहीस. कोतो उचल, त्याला काही पुसायला नको. आणि जाताना दाराबाहेरची पाटी उलटी कर — दुकान बंद म्हणून.