दोघी, एक कुत्रा, दोन रात्री

लॉजवाला: ...तुम्ही समुद्राकडचीच खोली घ्या मॅडम, माझं ऐका. शनिवार-रविवार म्हणजे सीझनचे अगदी शेवटचे दिवस, सगळ्या खोल्या मोकळ्या पडल्यात. खिडकी उघडली की समोर पाणीच पाणी!

सून: मागच्या बाजूची नाही का? डोंगराकडची?

लॉजवाला: तिकडं काय बघणार? जंगल आणि तो मोबाइलचा टॉवर. बेटावर येऊन कुणी डोंगर बघतं का?

सून: आम्हाला डोंगराकडचीच द्या. बरोबर कुत्रा आहे. त्याला लाटांचा आवाज सहन होत नाही.

लॉजवाला: कुत्रा? हे आधी नाही बोललात. केवढा आहे?

सून: मध्यम.

सासू: मध्यम कसला! चांगला रांजणाएवढा झालाय खाऊन खाऊन.

सून: आई, हळू. फोन स्पीकरवर आहे.

लॉजवाला: कोण बोललं?

सून: सासूबाई. त्याही येतायत.

लॉजवाला: अरे वा! सासू-सून मिळून सहलीला! हे हल्ली बघायलाच मिळत नाही. बरं, चावतो-बिवतो का?

सासू: चावायला आधी जागचा उठायला तर पाहिजे.

लॉजवाला: हा हा! मग काळजी नाही. बोटीत त्याच्या तोंडाला जाळी बांधावी लागेल तेवढी. आणि एक नियम आधीच सांगून ठेवतो, नंतर कटकट नको. कुत्रा किनाऱ्यावर फिरवा, पण डोंगराच्या वाटेला न्यायचा नाही. तिथं चौकी बसवलीय हल्ली. मागं तो एक प्रकार झाला ना...

सून: माहीत आहे.

लॉजवाला: माहीत आहे? तुम्हाला कुठून?

सून: पेपरात आलं होतं.

लॉजवाला: हं. बरं, सोमवारी सकाळची बोट शेवटची बरं का, मग बंद. हवा फिरली की चार महिने इकडं चिटपाखरू फिरकत नाही. तर दोन रात्री, दोघी, एक कुत्रा. नाव काय लिहू?

सून: मी... मी दहा मिनिटांत फोन करते परत.

सासू: अगं, ठेवलास कशाला? नाव सांगून मोकळं व्हायचं ना!

सून: आडनाव ऐकलं असतं की कळलं असतं त्याला. टॉवरवाल्याच्या घरच्यांना खोली देऊ नका म्हणून सगळ्या लॉजवाल्यांना सांगून ठेवलंय. धक्क्यावर त्या पोलीस साहेबांनी माझ्या तोंडावर सांगितलं, "शोध संपलाय बाई. आता तुमच्यापैकी कुणी डोंगरात घुसलं आणि पाय घसरला तर आम्ही दोन-दोन माणसं शोधायची का?"

सासू: शोध संपलाय म्हणे! चार दिवसांत संपतो का शोध? गाडीची किल्ली हरवली तर महिनाभर शोधतो आपण.

सून: आई, दुसऱ्याचं नाव सांगू का? शेजारच्या काकूंचं?

सासू: सांग कुणाचंही. नाहीतरी सोंगच करायचंय. पोटचा मुलगा सोळा दिवस डोंगरात पडलाय आणि आई निघाली सहलीला! गॉगल घेऊ का बरोबर?

सून: दुसरी वाट असेल तर दाखवा. मी कालपासून तेवढंच म्हणतेय. आज गुरुवार. सोमवारनंतर बोट नाही. चार महिन्यांनी जाऊन काय सापडणार आहे आपल्याला?

सासू: काय म्हणजे? काय म्हणायचंय तुला?

सून: काही नाही. त्या पिशवीत काय भरताय एवढं?

सासू: त्याचे कपडे. दोन लेंगे, दोन बनियन, तो जाड निळा शर्ट. सोळा दिवस एकाच कपड्यांत आहे तो. अंगावर चिंध्या झाल्या असतील. सापडल्या सापडल्या घालायला काही नको का?

सून: आई...

सासू: त्या आवाजात "आई" म्हणू नकोस मला. पाय मोडून पडला असेल कुठं कपारीत. पाण्याचे झरे आहेत तिथं, तूच सांगितलंस. पाण्यावर माणूस जगतो. तो लहानपणी टायफॉइडमध्ये अकरा दिवस निव्वळ पाण्यावर होता.

सून: बरं. राहू द्या कपडे. फक्त मला त्याचं काहीतरी न धुतलेलं हवंय. गठ्ठूला वास द्यायला.

सासू: गठ्ठूला वास कशाला द्यायला लागतोय? रोज संध्याकाळी हुडकून काढायचा की त्याला. पोरगा गच्चीवर टाकीमागं जाऊन लपायचा आणि हे ध्यान तीन मजले धापा टाकत चढायचं.

सून: ते घरात. तिथं ताजा वास. डोंगरात गठ्ठूला कळायला हवं की आपण कुणाला शोधतोय. नाहीतर बसेल खेकड्यांच्या मागं लागून.

सासू: मग रुमाल घे एखादा.

सून: धुतलेला?

सासू: मग काय मळके ठेवायचे कपाटात?

सून: उशी?

सासू: अभ्रा बदलला. उशी उन्हात टाकली होती दोन दिवस.

सून: टोपी? ती खाकी, घामाची?

सासू: धुतली.

सून: हेल्मेट! हेल्मेट तर कुणी धूत नाही.

सासू: आतलं कापड निघतं त्याचं. बटणं असतात.

सून: आई!

सासू: ओरडू नकोस. तू होतीस तिकडं धक्क्यावर, चार माणसांत. मी एकटी होते या घरात. शिलाईला बसले तर दोरा तुटायचा, ओवला की तुटायचा. ब्लाउजच्या बाह्या उलट्या लावल्या मी, तीस वर्षांत पहिल्यांदा. तिसऱ्या दिवशी तुझा फोन आला, उद्यापर्यंत सापडेल म्हणतायत. म्हटलं, उद्या येईल तर सगळं स्वच्छ असू दे. धुवायला काढलं ते काढलंच. त्याचं एकेक कापड. काय चुकलं माझं?

सून: काही नाही चुकलं.

सासू: मग तोंड का असं करतेस?

सून: फोन वाजतोय. बेटावरचाच नंबर आहे. हॅलो? हो, मी करणारच होते. नाव लिहून घ्या...

लॉजवाला: नाव नका सांगू, वहिनी.

सून: काय?

लॉजवाला: बारा वर्षं हा लॉज चालवतोय. ती मागची खोली आजवर एकाही माणसानं आपणहून मागितली नाही. तुम्ही टॉवरवाल्याच्या घरच्या ना?

सासू: आता संपलं. गेली खोली.

लॉजवाला: ऐका तर. त्या सकाळी टॉवरच्या दुरुस्तीला चढायच्या आधी तो माझ्याकडंच चहा प्याला. माझा मिक्सर बिघडला होता, जाता जाता पाच मिनिटांत चालू करून दिला. संध्याकाळी येतो म्हणाला, जेवण ठेवा. मी ठेवलंही होतं झाकून. नऊ वाजेपर्यंत.

सून: दादा, आम्हाला फक्त दोन रात्री द्या. कुणाला त्रास देणार नाही. तुमचं नाव कुठं येऊ देणार नाही.

लॉजवाला: खोली दिलीच समजा. रजिस्टरला मी लिहितो, दोघी आणि कुत्रा, सहल. चौकीवरचा माणूस दुपारी एकला जेवायला माझ्याच खानावळीत येतो. त्याला मी तासभर बोलण्यात गुंतवतो, त्या कामात माझा हात कुणी धरणार नाही. खोलीच्या मागून पायवाट आहे, थेट टॉवरखाली निघते. पण काकूंना चढवेल का?

सासू: काकू चढतील. तुम्ही वाट दाखवा.

सून: दादा, आदल्या रात्री तो तुमच्याकडे ज्या खोलीत झोपला, तिथली चादर असेल का? उशीचा अभ्रा?

लॉजवाला: नाही हो. गिऱ्हाइकानं खोली सोडली की आमच्याकडं सगळं धोब्याला जातं. तेव्हा कुठं माहीत होतं? पण हां, बरं झालं आठवलं. या वेळी त्याचं काहीतरी न धुतलेलं आणा. त्या पोलिसांच्या कुत्र्याचा माणूस माझ्याकडंच उतरला होता. वैतागला होता बिचारा. म्हणाला, घरच्यांनी शर्ट पाठवला तो धुऊन, कडक इस्त्री करून. साबणाशिवाय कसला वास नाही. कुत्रं हुंगून खालीच बसलं. असं कुठं असतं का, म्हणाला, त्यांना बहुतेक...

सून: दादा, ठेवते. शनिवारी पहिल्या बोटीनं येतो आम्ही.

लॉजवाला: काही चुकीचं बोललो का मी?

सून: नाही. ठेवते.

सासू: तो कुठल्या शर्टाबद्दल बोलत होता?

सून: आई, बसा खाली.

सासू: त्याच्या ऑफिसातला माणूस दारात उभा होता. मुलाचा एक शर्ट द्या म्हणाला, कुत्र्याला लागतो. खुंटीला एकच धुवायचा राहिला होता, तोच हातात घेतला. कॉलर काळी झालेली. म्हटलं, परक्या माणसांच्या हातात असा कसा द्यायचा? साहेब लोक बघतील. म्हणतील, आई शिवणकाम करते आणि मुलाच्या शर्टाची ही अवस्था. त्याला तासभर बसवून ठेवलं. धुतला, इस्त्रीनं वाळवला, घडी घालून कागदात बांधून दिला.

सून: मला माहीत आहे.

सासू: तुला माहीत होतं?

सून: त्यांनी तो माझ्याच हातात परत दिला होता. घडी मोडली तर साबणाचा वास आला.

सासू: आणि बारा दिवस गप्प बसलीस?

सून: काय सांगणार होते मी तुम्हाला?

सासू: सांगायचं! भांडायचं माझ्याशी! रोज मला चहा करून देतेस, पाय चेपून देतेस, आणि मनात म्हणत असशील, हिनंच घालवला माझ्या नवऱ्याला.

सून: नाही म्हटलं. एक दिवस म्हटलं. मग नाही.

सासू: मीच घालवला गं त्याला. कुत्रा होता, माणसं होती, सगळे डोंगरात होते, पाचवाच दिवस होता. तेव्हा असेल तो जिवंत. हाका मारत असेल. आणि मी इथं इस्त्री तापवत बसले. आग लागो माझ्या टापटिपीला!

सून: आई, हात खाली घ्या. नका मारून घेऊ. आई! ऐका माझं. शर्ट आहे.

सासू: काय?

सून: न धुतलेला. एक आहे माझ्याकडे. घरून निघायच्या आदल्या रात्री घालून झोपला होता तो. पलंगाच्या मागं पडला होता, तुम्हाला दिसला नाही. धक्क्यावरून परत आले त्या रात्री सापडला मला.

सासू: कुठंय?

सून: माझ्या उशीत. अभ्र्याच्या आत.

सासू: म्हणून अभ्रा धुवायला देत नाहीस होय. मी म्हटलं, दुःखात आहे, भान नसेल. अगं, त्या रात्रीच फोन का नाही केलास त्यांना? "हा घ्या शर्ट, परत आणा तुमचा कुत्रा" म्हणून?

सून: केला नाही.

सासू: का?

सून: फोन हातात घेतला होता. शर्ट मांडीवर होता. दिला असता तर परत आला नसता. कुत्र्याची लाळ, चिखल, पाणी... दहा हात लागले असते. दुसरं काही नव्हतं हो माझ्याकडे, घरभर नुसता साबण.

सासू: म्हणजे तू ठरवलंस.

सून: आई...

सासू: सांग. मी कपडे धुतले, कारण तो येणार होता. तू शर्ट लपवलास. का लपवलास? येणाऱ्या माणसाचा मळका शर्ट कुणी जपून ठेवतं का?

सून: हो. ठरवलं मी. पाचव्या दिवशीच ठरवलं. तो नाही आता, आई. तुम्ही रोज त्याचं ताट वाढता, गार झालं का हात लावून बघता, पण तो नाही. तो जिवंत सापडेल म्हणून नाही जायचं मला. तिथं एकटा पडलाय म्हणून जायचंय. घरी आणायला.

सासू: आणि मी कपडे भरतेय.

सून: भरा. कपडे तसेही लागतील.

सासू: आण तो शर्ट.

सून: गठ्ठूला देऊन टाकते. आता नाही अडकवत जीव त्यात. तुम्ही म्हणाल तसं.

सासू: आण तर आधी. आणि मशिनच्या खणात ब्लेड आहे, तेही आण.

सून: ब्लेड कशाला?

सासू: सगळा कशाला द्यायला पाहिजे त्या ध्यानाला? उजवी बाही उसवते, बगलेच्या पट्टीसकट. तेवढा वास त्याला रग्गड. बाकीचा राहू दे तुझ्या उशीत. कॉलर तुलाच असू दे.

सून: कात्रीनं लवकर होईल. द्या, मी कापते.

सासू: कापायचा नाही. मीच शिवलाय, टाका न् टाका माहितीये मला. उसवलेलं परत जोडता येतं.

सून: आई...

सासू: काही म्हणू नकोस. तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी. शनिवारी दोघी चढू, मग बघू. आणलास? इकडं उजेडात ये.

सून: हा घ्या. हे ब्लेड.

सासू: ब्लेड ठेव तिथं. जरा थांब.

सून: काय झालं?

सासू: उसवायच्या आधी एकदा मला घेऊ दे तोंडाशी. मी तर सगळंच धुऊन टाकलंय.