कागदावरचा गुडघा

गोरेगावच्या जीपमध्ये शिवकन्या पेंगत होती. मागं बसलेल्या, तिच्याच गावच्या सिंधूबाई आणि त्यांचा धाकटा भाऊ मसाजी यांचं बोलणं तिच्या झोपेत झिरपत होतं.

"आक्का, डॉक्टरचं लायसन सहा महिने बंद झालं म्हणं."

"व्हय. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन केलं असं कागदावर दाखवून त्यानं सरकारकडून पैसे उचलले. चौकशीत मी गुडघा दाखवला. एक टाका न्हाई."

"पन बाळंतपणात तुझी लेक त्यानंच वाचवली ना?"

"म्हणून तर खरं सांगताना रडले."

"अन् तो?"

"खाली बघत व्हता. सायबानं त्याचा कागद वाचला, 'पेशंट आता डोंगर चढते.' तवापासून सपनात मी शेरडामागं डोंगर चढून राहिले, मसाजी. जराबी दुखत न्हाई."

"अन् जाग आल्यावर?"

"तू हात देतोस, तवा उठते."