एक मिनिट हसू नका

मेव्हणा : …साठ सेकंद फक्त! अख्खा भाग मागतोय का मी? एक मिनिट मागतोय.

एडिटर : आधी दम खा. निम्मं वाक्य गिळतोयस, काय कळणार मला? लिफ्ट आहे ना या इमारतीत? मग तीन मजले चढून कशाला येतोस?

मेव्हणा : माणसानं चालावं. तब्येत राहते.

एडिटर : चार वर्षं बघतेय. एकदा लिफ्टमधे पाय ठेवला नाहीस. बरं, बोल. चार वाजता भाग पाठवायचाय मला, आणि तू माझ्या खुर्चीवर बसलायस.

मेव्हणा : ही घे तुझी खुर्ची. हे बघ, चौदाव्या मिनिटाला जिन्यावरचा प्रसंग आहे. मी एकटाच बसून, समोर नसलेल्या ताईशी बोलतो तो. त्याच्यावर ते मागून वाजणारं हसू लावू नकोस.

एडिटर : साहेबांनी यादी दिलीय. वाचून दाखवू? ‘जिना. मेव्हणा बोलतो. हसू.’ पुढे दोन रेघा मारल्यात. म्हणजे मोठं हसू.

मेव्हणा : तो दिग्दर्शक आहे की वाणी, याद्या करायला! त्याला समजावलं मी. तो म्हणाला, एडिटरला विचार.

एडिटर : तेव्हा तो फोनवर होता ना?

मेव्हणा : होता. पण मान हलवली त्यानं.

एडिटर : दादा, ही विनोदी मालिका आहे. तू त्यात बहिणीच्या घरात फुकट राहणारा मेव्हणा आहेस. दर भागात एकदा पडतोस. लोक त्यासाठीच बघतात. आज अचानक काय झालं?

मेव्हणा : आज आठ वाजता नाटकवाले सर हा भाग बघणारेत.

एडिटर : ते दाढीवाले? जे कुणालाच चांगलं म्हणत नाहीत?

मेव्हणा : तेच. नवीन नाटक बसवतायत. बापाचं काम आहे. दोन तास स्टेजवर, आणि एकदाही पडायचं नाही. मी गेलो होतो त्यांच्याकडे. दारात उभा राहिलो तर तालमीतली पोरं आधीच हसायला लागली. मी नुसतं ‘नमस्कार’ म्हटलं होतं!

एडिटर : मग सर काय म्हणाले?

मेव्हणा : म्हणाले, ‘तू दिसलास की लोक तोंड उघडून तयार असतात. मला एक मिनिट असं दाखव, की तू समोर आहेस आणि कुणी हसत नाहीये. मग बोलू.’

एडिटर : सोपंय की. तुझ्या घरी घेऊन जा त्यांना. वहिनी कुठं हसतात तुझ्यावर?

मेव्हणा : चेष्टा करू नकोस गं. खरंच सांगतो, जगणं अवघड झालंय. परवा औषधाच्या दुकानात गेलो, मलम मागितलं. दुकानदार हसला. वर आतून बायकोला हाक मारली त्यानं, ‘अगं ये, मेव्हणा मलम मागतोय!’

एडिटर : कसलं मलम?

मेव्हणा : असंच. सासूबाईंसाठी. आणि शेजारचे काका गेले तेव्हा भेटायला गेलो, तर काकूंना माझ्याकडे बघून हसू फुटलं. मग आपण हसलो म्हणून बिचाऱ्या आणखी रडल्या. मी चहा न घेता निघून आलो.

एडिटर : बरं, बरं. तोंड पाडू नकोस. पण हसू काढणं माझ्या हातात नाही.

मेव्हणा : मग कुणाच्या हातात आहे? मशीन तुझं, बटणं तुझी!

एडिटर : मावशींच्या.

मेव्हणा : कुठल्या मावशी?

एडिटर : फरशी पुसतात त्या. ओरडू नकोस, आधी ऐक. सुरुवातीला विकतचं हसू आणलं होतं. डब्यात खिळे हलवल्यासारखं वाजायचं. एक दिवस तू बादलीत पाय घालून पडलास, ते मी इथे लावलं होतं. मावशी मागे पुसत होत्या. त्या अशा हसल्या, अशा हसल्या की फडकं टाकून खाली बसल्या. माझा माइक चालू होता. तेव्हापासून दर भाग आधी मावशींना दाखवते. त्या हसतील तिथे हसू. नाही हसल्या तर साहेबांच्या यादीला मी विचारत नाही.

मेव्हणा : आणि ते पहिलं हसू? प्रत्येक वेळी मी पडलो की येतं ते? फुटक्या शिट्टीसारखं?

एडिटर : मावशींचंच. बाकीचं मागे जोडते.

मेव्हणा : म्हणजे चार वर्षं माझं सगळं करिअर…

एडिटर : मावशींच्या हातात. फडक्यासकट.

मावशी : कोण आहे आत? चपला बाहेर काढा, आत्ता पुसलंय! अगंबाई, मेव्हणे तुम्ही? बसा बसा. पाय तेवढे वर घ्या.

मेव्हणा : मावशी, तुम्हाला एक विचारायचं होतं.

मावशी : विचारा की. काय हसवताय!

मेव्हणा : मी अजून काही बोललोच नाहीये!

मावशी : हो, पण तोंड कसं केलंत.

एडिटर : मावशी, आजचा भाग बघायचाय. आज यांची एक विनंती आहे.

मेव्हणा : मी सांगतो. मावशी, यात जिन्यावरचा एक प्रसंग आहे. गंभीर आहे. तीन आठवडे बसून मी स्वतः लिहिलाय. तेवढ्यात हसू नका. एकच मिनिट. माझ्यासाठी.

मावशी : ठरवून न हसायला मी काय नटी आहे? आलं तर आलं. नाही आलं तर नाही.

मेव्हणा : जीभ चावून धरा.

मावशी : आणि तुटली म्हणजे?

एडिटर : गप्प बसा दोघं. लावतेय. बघा.

(पडद्यावर जिना. मेव्हणा पायरीवर बसलेला.)

पडद्यावरचा मेव्हणा : ताई… या घरात मी कोण आहे? पायपुसण्यालासुद्धा दारात हक्काची जागा असते. छत्रीला कोपरा असतो. आणि मी? मी म्हणजे या घराच्या भिंतीवरची… न लावलेली खुंटी!

मावशी : खुंटी! अगंबाई, खुंटी!

मेव्हणा : मावशी!

मावशी : अहो, न लावलेली खुंटी भिंतीवर कशी असेल? ती डब्यात असेल ना!

मेव्हणा : प्रतीक आहे ते!

मावशी : असेल हो. पण कुठं टांगलंय? थांबा, पोटात दुखायला लागलं माझ्या. खुंटी!

मेव्हणा : तू पण हसतेयस?

एडिटर : नाही रे. खोकला आलाय.

मेव्हणा : खांदे हलतायत तुझे! तीन आठवडे… बायकोला वाचून दाखवलं तेव्हा ती काही बोलली नव्हती. मला वाटलं, भारावून गेली.

एडिटर : दादा, खरं सांगू? तू रडण्याची तयारी करतोयस तेवढं दिसतं. ओठ थरथरवलेस, नाक ओढलंस, मग पंख्याकडे बघितलंस. माणूस आहेस असं वाटलंच नाही. परीक्षेला बसल्यासारखा होतास.

मेव्हणा : संपलं मग. लाव तुझं हसू. दोन रेघांचं लाव. मी जातो.

मावशी : थांबा हो. अजून चालूच आहे की ते.

एडिटर : प्रसंग संपलाय मावशी. साहेबांना तेव्हा फोन आला होता, त्यांनी थांबा म्हटलंच नाही. कॅमेरा तसाच राहिला चालू.

मेव्हणा : मग बंद कर ना! बंद कर ते.

एडिटर : अरे, हात काढ! मशीनला हात लावायचा नाही!

मावशी : हे आता बोलत का नाहीत? नुसतेच बसलेत.

मेव्हणा : काही नाही त्यात मावशी. कचरा आहे. टाकून द्यायचा असतो.

मावशी : कठडा दोन्ही हातांनी धरला बघा. उठले… नाही, परत बसले.

एडिटर : मावशी, तुम्ही हसत नाही आहात.

मावशी : गुडघा दुखतो का हो तुमचा?

मेव्हणा : छे.

मावशी : मला काय सांगता! मी रोज तीन मजले पुसते. उठायच्या आधी तुम्ही इकडे तिकडे बघितलंत. कुणी बघत नाही ना, ते बघितलंत. मग उठलात. मीसुद्धा तसंच करते.

एडिटर : दादा, कधीपासून?

मेव्हणा : कधीपासून काय? त्या दिवशी जरा पाय अवघडला होता, एवढंच.

एडिटर : मला शेंडी लावू नकोस. तुझी एकेक फ्रेम बघते मी. वर्षभरापासून तू डावीकडेच पडतोस. मला वाटायचं कॅमेऱ्याच्या सोयीसाठी. उजवा पाय टेकतच नाहीस. आणि मलम सासूबाईंसाठी! मूर्ख आहेस!

मेव्हणा : हळू बोल, बाहेर ऐकू जाईल.

एडिटर : जाऊ दे! मी तुझं पडणं तीन तीनदा दाखवतेय इथे. हळू करून, पुन्हा फास्ट करून. वरून हसू ओततेय. आणि तू तिकडे कळा काढतोयस? सांगता येत नव्हतं?

मेव्हणा : सांगून काय केलं असतंस? मेव्हणा पडणार नसेल तर मेव्हणा हवाच कशाला? उद्या दुसरा आणतील. पंचवीस वर्षांचा, रबराचा. लिफ्टनं आलो तर लगेच म्हणतील, याला जिना जमत नाही. म्हणून चढतो. जास्त वेळ लागू नये म्हणून खाली घड्याळ बघून निघतो, वर येताना शीळ घालतो.

मावशी : शीळ ऐकते मी. दुसऱ्या मजल्यावर थांबते ती.

मेव्हणा : तिथे पाण्याचं पिंप आहे.

मावशी : आहे. पण पाणी कधी पीत नाही तुम्ही.

एडिटर : म्हणजे हे नाटक, हे गंभीर काम वगैरे, सगळं गुडघ्यासाठी?

मेव्हणा : नाही गं. आधी गुडघ्यासाठी गेलो. नाटकातला बाप दोन तास खुर्चीत बसतो, म्हटलं बरं आहे. मग सरांनी दोन पानं वाचायला दिली. खुर्चीत बसून त्या बापाला मुलाला सांगायचं असतं की मला आता दिसत नाही. आणि तो सांगतच नाही. हवामानावर बोलत राहतो. ते वाचलं आणि घरी आल्यावर मला जेवणच गेलं नाही. वाटलं, हे मला येईल. दुसऱ्या कुणाला नाही, मला येईल.

एडिटर : आणि मग तू खुंटी लिहिलीस.

मेव्हणा : हो. मग मी खुंटी लिहिली.

एडिटर : कसला माणूस आहेस! हे बघ. मोजलंय मी. ‘खुंटी’वर मावशी हसल्या. त्यानंतर तू नुसता बसतोस, उठतोस, परत बसतोस, इकडे तिकडे बघतोस, उठतोस. त्रेपन्न सेकंद. मावशींचा आवाज नाही.

मेव्हणा : सर मिनिट म्हणालेत.

एडिटर : सर काय घड्याळ हातात घेऊन बसणारेत? शेवटी तू फोनवरच्या साहेबांकडे बघून हसतोस. ते धरलं तर एकसष्ट होतात.

मेव्हणा : तो मेव्हणा नाहीये पण. मी आहे तो.

एडिटर : शर्ट मेव्हण्याचाच आहे. जिना ताईचाच आहे. लोकांना काय माहीत?

मेव्हणा : निर्मात्यांना कळेल ना! सरांनी काम दिलं नाही तर? नाटकही नाही, आणि इथे सगळ्यांना कळलेलं, की याचा पाय गेला. मग मी काय करू? घरी पडू?

एडिटर : ते मी सांगू शकत नाही. ठेवलं तर लोक बघतील. काढलं तर तुझी खुंटी आणि दोन रेघांचं हसू. तूच सांग. साडेतीन झालेत.

मेव्हणा : मावशी, तुम्हाला काय वाटतं?

मावशी : मला कुठं कळतं त्यातलं? मला हसू येतं का नाही, तेवढं कळतं.

मेव्हणा : मग परत लाव गं एकदा. खुंटीपासून. मावशी, आता मनापासून बघा. हसू आलं तर दाबू नका. अजिबात नाही.

एडिटर : लावतेय.

मावशी : ‘छत्रीला कोपरा असतो’! अगं आई गं… आली बघ, आली खुंटी!

एडिटर : आता बघा.

(मावशी फडकं बाजूला ठेवून पडद्याजवळ सरकतात.)

एडिटर : मावशी?

मावशी : थांब गं. उठू दे त्यांना.

एडिटर : झालं. दादा? काढू का ठेवू?

मेव्हणा : ठेव.

एडिटर : नक्की ना? नंतर फोन करून डोकं खाल्लंस तर मी उचलणार नाही.

मेव्हणा : नक्की. आणि खुंटीपण ठेव. हसू लाव तिला, मोठं. मावशींचंच लाव, मागे दुसऱ्या कुणाचं जोडू नकोस.

एडिटर : आणि पुढच्या आठवड्यात तू ओट्यावरून पडतोस ना? ते मी इकडचं तिकडचं जोडून करते. जुनी पडणी ढीगभर आहेत माझ्याकडे. तू नुसतं ‘आई गं’ म्हण.

मेव्हणा : उजवीकडची पण आहेत?

एडिटर : दोन्हीकडची आहेत. ऊठ आता. मला काम करू दे.

मावशी : जपून हो मेव्हणे, बाहेर ओलं आहे अजून. भिंतीकडून जा.

मेव्हणा : मावशी… ती लिफ्ट कुठल्या बाजूला आहे हो?