कट्कन मोडली ती भेंडी

मंडळी, एक प्रश्न विचारतो. एखाद्याची परीक्षा घेतली, तो पास झाला — तर त्याला घरात घ्यायचं की दारातून परत पाठवायचं? घ्यायचं म्हणता. सगळेच म्हणता. मग ऐका आता, आणि बायकांच्या बाजूनं कुजबुज नको. गोष्ट तुमचीच आहे.

सोनाबाई कुदळे नावाची एक माळीण. नदीकाठी भेंडीचे दोन वाफे. सासू-सून सकाळी तोडायच्या आणि आठाच्या आत तालुक्याच्या मंडईत पाटी मांडायच्या. तिथं यायच्या प्रमिलाकाकू, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. उकिडव्या बसायच्या, एक भेंडी उचलून टोक मोडायच्या — कट्. बाजूला. दुसरी — कट्. बाजूला.

हे कशासाठी, ते पुरुषमंडळींना ठाऊक नसेल. तुमची भाजीशी ओळख ताटात होते. कोवळी भेंडी कट्कन मोडते, जून नुसती वाकते. परीक्षा अगदी बरोबर. माझं डोकं उठतं ते पुढं. पंधरा भेंड्या मोडून झाल्या, की काकू त्या तशाच टाकायच्या आणि खालच्या अखंड भेंड्या पावशेर घ्यायच्या!

सोनाबाई म्हणायची, "काकू, मोडल्यात त्या तरी न्या."

"मोडकी कशी नेऊ गं? आमच्याकडं नाही चालत."

मोडली कुणी? ते विचारायचं नाही. मग पुढची बाई यायची, काळी पडलेली टोकं बघायची, "कालची दिसतेय" म्हणायची आणि चालू लागायची. दुपारी अर्धी पाटी घरी परत.

सून रोहिणी एकदा वैतागून म्हणाली, "आत्या, या शनिवारी पाटी परत आली, तर रविवारी वाफे उपटायचे. माझी कंबर काय फुकटची आहे?"

त्या वाफ्यांतले दगड सोनाबाईनं स्वतः वेचलेले. पण सून काय खोटं बोलत होती?

शुक्रवारी रोहिणीचं लक्ष मंडईच्या दाराशी गेलं. तिथं नवं दुकान. काचेचं थंडगार कपाट, चिरलेल्या भाज्या डब्यांत बंद. आणि कपाटापुढं कोण? प्रमिलाकाकू, हातात चिरलेल्या भेंडीचा डबा. मोडायला काही शिल्लकच नाही. काकूंनी डबा उलटा केला, सुलटा केला, वरची चिठ्ठी वाचली — 'ताजी'. झाली परीक्षा. मंडळी, वीस वर्षं ओळखीच्या बाईवर विश्वास नाही, आणि चिठ्ठीवर आहे. चिठ्ठी लिहिली कुणी, कधी? मी डोकं आपटू कुठं, या खांबावर?

रोहिणीनं गाठलंच. "काकू, आमची सोडून ती का?"

"अगं, सातला दोन डबे भरायचे असतात. सून नोकरीला जाते, माझे गुडघे हे असे. पुसत, चिरत बसले तर पोरं बिस्किटं घेऊन शाळेत जातात. चिरलेली असली की भाजी होते तरी."

बिस्किटाऐवजी भेंडी पोटात जात असेल, तर कीर्तनकार बुवानं तोंड बंद ठेवावं.

शनिवारी रोहिणी विळी आणि रिकामे डबे घेऊनच आली. काकू आल्या, रिवाजाप्रमाणं मोडून गेल्या. रोहिणीनं ती मोडलेली भेंडी उचलली, कोरड्या फडक्यानं पुसली आणि चिरायला बसली.

सासू म्हणाली, "अगं, मोडकी कोण घेईल?"

"आत्या, चिरलेली काय अखंड असते?"

अर्ध्या तासानं काकू कोथिंबीर घेऊन परत फिरल्या, तर पाटीशेजारी दोन छोटे डबे भरून मांडलेले. "ही कुठली गं? छान कोवळी दिसतेय."

"मघाशी तुम्हीच मोडलीत ती. कट्कन मोडली म्हणजे पास झाली ना, काकू? पास झालेली इथं टाकता, आणि जिची परीक्षाच घेतली नाही ती घरी नेता. वीस वर्षं."

काकूंनी डब्याचा भाव विचारला. "म्हणजे माझीच भेंडी मला चढ्या भावानं?"

"चिरायची मजुरी आहे ती. पारखायची मजुरी तुम्ही कधी मागितली नाहीत."

काकूंनी दोन्ही डबे घेतले. पाटीतली उरलेली भेंडीही रोहिणीनं चिरली, ते डबे दुपारच्या आत संपले. रविवारी वाफ्यात कुदळ पडली नाही. सोनाबाईनं पाणी सोडलं.

काकू सुधारल्या म्हणता? छे. सोमवारी पुन्हा कट्, कट्. रोहिणीनं फक्त एक ताट पुढं सरकवलं. "इथं टाका, काकू."

हसा. पण तुमच्या घरात दुसरं काय चाललंय? दुखण्यात तुमचं सगळं करून जी सून थकली, तिची किरकिर तुम्हाला ऐकवत नाही. आणि सणाला दोन दिवस येणारीचं कौतुक ओसरीभर. अहो, तुमच्यासाठी जो मोडला, तो आतून कोवळा होता म्हणून मोडला. जून माणसं वाकून नमस्कार करतात आणि अखंड राहतात. त्यांना तुम्ही घरी नेता.

आज घरी गेल्यावर त्या मोडलेल्या माणसाला आधी वाढा. देवाला नैवेद्य मागून दाखवा. तो थांबेल, त्याला तुमची सवय आहे.