अळणी

लक्ष्मीदेवी : नको अक्का, घास उतरत नाही.

तानूबाई : उतरव. नागू जाऊन आज पाच दिवस झाले, पाण्याशिवाय पोटात काही नाही तुझ्या. डब्यात सुतकाचा भात आणलाय, अळणी आहे, पण स्वल्प तरी खा.

लक्ष्मीदेवी : अळणीची सवय आहे मला. नऊ महिने तेच तर खातेय.

तानूबाई : तू? डॉक्टरांनी मीठ माझ्या भावाचं तोडलं होतं, तुझं नव्हे!

लक्ष्मीदेवी : त्यांच्या ताटात अळणी वाढायचं आणि आपण शेजारी बसून लोणचं चाटायचं? जमलं नाही मला.

तानूबाई : अय्यो लक्ष्मी!

लक्ष्मीदेवी : एवढं करून काय झालं? डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, ब्लडप्रेशर उतरलंच नव्हतं, घरात पथ्य पाळलं नाही. तेव्हापासून एकच शोधतेय, मीठ गेलं कुठून? ताकात? भाकरीच्या पिठात? विडी सोडवली, कॅनव्हासचे बूट आणले, रोज सकाळी लालबागेपर्यंत चालायला धाडलं. अक्का, मीच मारलं का हो त्यांना?

तानूबाई : असलं बोलू नकोस.

लक्ष्मीदेवी : मग कोणी?

(तानूबाई डब्याचं झाकण लावते, पुन्हा काढते.)

तानूबाई : मी.

लक्ष्मीदेवी : काय बोलताय?

तानूबाई : लालबागेच्या फाटकाशी जायचा, तिथून वळून मावळ्ळीला, माझ्याकडे. ताटलीभर अवलक्की-पोहे, वर लिंबाचं लोणचं, दोन तळलेले हप्पळ-पापड. रोज.

लक्ष्मीदेवी : रोज?

तानूबाई : रविवारीसुद्धा. आपल्यात मीठ कधी तोडतात, तूच सांग. घरातलं माणूस गेल्यावर. तुझ्याकडे त्याच्या ताटात तो भात बघितला आणि काळजात चर्र झालं. जित्या भावाला सुतकाचं जेवण! म्हटलं, ह्या डॉक्टरला काय कळतंय? घरात अपशकुन नको. जळो माझी अक्कल.

लक्ष्मीदेवी : मला एका शब्दानं नाही सांगितलंत.

तानूबाई : त्यानं शपथ घातली होती. पण तूही अळणी खातेस, हे नाही बोलला कधी. बोलला असता तर उंबरा ओलांडू दिला नसता मी त्याला!

लक्ष्मीदेवी : म्हणूनच नसतील बोलले.

तानूबाई : ऊठ, डॉक्टरांकडे जाऊ. सगळ्यांसमोर सांगते, माझ्या हातनं झालंय हे. तुझ्यावर बोल नको.

लक्ष्मीदेवी : आता सांगून काय, ते परत येणारेत?

तानूबाई : मग शिव्या घाल मला. थोबाडीत दे. अशी सोडू नकोस गं मला.

लक्ष्मीदेवी : एक विचारू, अक्का? तुमच्याकडे खाताना बोलायचे ते?

तानूबाई : बोलायचा म्हणजे? तोंड बंद म्हणून नाही! हप्पळ मोडत आपल्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचा. हसून हसून ठसका लागायचा मेल्याला.

लक्ष्मीदेवी : सरी, बरं.

तानूबाई : असं का विचारलंस?

लक्ष्मीदेवी : माझ्यासमोर मान खाली घालून जेवायचे. मला वाटायचं, तोंडाला चव नाही म्हणून.